खिळ्यापुरती जागा

हात्सुए इसोगाईचं अक्षर आमच्या बेटावर कुठे नव्हतं ते विचारा. मासळीच्या दुकानावरची ‘आज ताजी माकूल’ ही पाटी तिची. न्हाव्याच्या दारावरचं ‘सोमवारी बंद’ तिचं. जत्रेतले कंदील, शाळेतल्या बक्षिसांचे कागद, आणि माणूस गेलं की दारासमोर उभं करायचं त्याच्या नावाचं निशाण, सगळं तिच्याच कुंचल्याचं. मेल्यावर तरी आपलं नाव देखणं दिसणार, फक्त हात्सुएच्या आधी मरायची घाई केली पाहिजे, असं म्हातारे म्हणायचे.

ती मुळातली बेटावरची नव्हे. पलीकडच्या किनाऱ्यावर पाट्या लिहिणाऱ्या माणसाची ही मुलगी, माकूल धरणाऱ्या तात्सुजी इसोगाईला दिली. आली तेव्हा सामानात दोन किमोनो आणि बापाचे कुंचले. सासूनं कुंचले बघितले आणि म्हणाली, “अक्षरानं भात शिजत नाही हो.” सासू तशी वाईट नव्हती, पण तोंडाची फटकळ. हात्सुए कामाला लागली. जाळी विणली, मासे चिरून वाळत घातले, आणि वेळ मिळाला की वर्तमानपत्रावर गिरवत बसली.

तिच्या अक्षराचं सोनं केलं ते तिच्या मोठ्या दिरानं, गेनझोनं. पहिल्यांदा निवडणूक आली तेव्हा तिच्याकडून लांबलचक कागदावर ‘विजय निश्चित’ असं लिहून घेतलं आणि पक्षाच्या कचेरीत भिंतीला ठोकलं. आमच्याकडे अक्षरं वरून खाली लिहितात, आणि तिनं कागद वरपासून खालपर्यंत भरून काढला होता. गेनझोनं खिळा ठोकला तो थेट पहिल्या अक्षराच्या डोक्यात. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“अगं, मग खिळ्याला जागा ठेवायची की,” गेनझो म्हणाला. “कागद काय मी हवेत टांगू?”

त्या दिवसापासून हात्सुए काहीही लिहायची तर वर अंगठाभर जागा कोरी सोडून. पाटी असो, निशाण असो. पुढे पुढे तर नव्या वर्षाच्या शुभेच्छांच्या कार्डावरसुद्धा. लोक हसायचे, म्हणायचे, वहिनी, कार्डाला खिळा कोण मारतंय? तिच्या ते लक्षातही यायचं नाही. हाताला लागलेली सवय ती.

आता पक्षाचं सांगतो. आमच्या बेटावर पक्ष म्हणजे एकच पक्ष. दुसरे असतात म्हणे, टीव्हीवर दिसतात. ह्याला कारण आहे आणि ते काही खोटं नाही. बंदराला दगडी बांध नव्हता तेव्हा दर हिवाळ्यात बोटी फुटायच्या. वादळाच्या रात्री सगळे पुरुष कमरेभर पाण्यात उतरून बोटी वर ओढायचे. गेनझो आणि तात्सुजीचा बाप तसाच एका रात्री दोन बोटींच्या मध्ये सापडला. तेव्हा पक्षाच्या माणसानं राजधानीत जाऊन हातापाया पडून बांध आणला. त्यानंतर आजवर एकही माणूस असा मेला नाही. गेनझो हे विसरला नाही, आणि त्यानं विसरावं तरी का? पक्षाच्या मंडळाचा तो चिटणीस, आणि मतमोजणीच्या टेबलाशी पक्षातर्फे साक्षीदार म्हणून दर वेळी तोच.

हे साक्षीदाराचं काम साधं नाही, आमच्याकडे तर नाहीच. आमच्याकडे मत द्यायचं म्हणजे शिक्का मारायचा नाही. कोऱ्या कागदावर उमेदवाराचं नाव ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. आणि मोजून झालेला प्रत्येक गठ्ठा साक्षीदाराच्या हाताखालून जातो. शहरात कोण कुणाचं अक्षर ओळखतंय? पण मूठभर वस्तीच्या बेटावर, जिथे उधारीच्या चिठ्ठीपासून आहेराच्या पाकिटापर्यंत सगळं हातानं लिहितात, तिथे मत गुप्त असतं ते फक्त कायद्यात.

बारा वर्षांपूर्वी तोफू करणाऱ्या होसोईचं असंच झालं. एकुलतं एक उलटं मत निघालं. त्याचं अक्षर मागे रेललेलं असायचं, खुर्चीत बसलेल्या माणसासारखं. विजयाच्या मेजवानीत दोन पेले जास्त झाले आणि गेनझो हसत बोलून गेला, “आपला होसोई मतसुद्धा रेलूनच देतो की.” एवढंच. कुणी भांडलं नाही. आमच्याकडे भांडत नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बेटाला तोफू नकोसा झाला. होसोई पहाटे उठून तोफू करायचा आणि संध्याकाळी समुद्रात टाकायचा. पुढच्या वसंतात बायकामुलांना घेऊन तो फेरीबोटीत बसला. धक्क्यावर निरोपाला कुणी नव्हतं. हात्सुए जाणार होती, सासूनं दार लावून घेतलं. दुकान आजही बंद आहे.

तर ह्या खेपेला सरपंचकीला पक्षानं शुंसुके मोरिवाकीला उभं केलं. आधी उपसरपंच होता. दिसायला गोरागोमटा, बोलायला गोड, वाकून नमस्कार असा करायचा की पाठीचा कणा आहे की नाही शंका यावी. समोर कुवाता चिसे, बेटाच्या पाणी खात्यात नोकरी केलेली बाई. पक्ष नाही, मंडळ नाही, एक जुना छोटा टेम्पो आणि प्रचारात हात हलवताना उमेदवार घालतात ते पांढरे हातमोजे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वादळानं पाण्याची टाकी तडकली आणि नळाला घाण पाणी आलं. चारच दिवसांवर जत्रा, पाहुण्यांनी खोल्या भरलेल्या. शुंसुके म्हणाला, जत्रा होऊ द्या, मग सांगू. चिसेनं ऐकलं नाही. दुपारच्या उन्हात चालत घरोघर गेली, पाणी पिऊ नका म्हणून. हात्सुएची सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली. हात्सुएनं तिच्या ओठांना पेला लावला होता, तो चिसेनं दारातून धावत येऊन हातातून काढून घेतला. शेजारच्या आळीत चिसे पोचायच्या आत दोन म्हाताऱ्या आजारी पडल्या, त्यातली एक गेली. तिचं निशाण हात्सुएनंच लिहिलं. चिसेला मग इतकं टोचून टोचून खाल्लं की तिनं नोकरी सोडली.

हात्सुए काही बंडखोर नव्हे. आजवर नाक मुठीत धरून पक्षाचंच नाव लिहीत आली. पण ते निशाण लिहितानाच तिच्या मनानं घेतलं होतं की ह्या शुंसुकेचं नाव माझ्या हातून कागदावर उमटणार नाही. अडचण एकच होती. ती काय लिहिणार हे गेनझोच्या हाताखालून जाणार होतं, आणि तिचं अक्षर तर बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा ओळखत होतं.

निवडणुकीचा भोंगा सुरू व्हायच्या आधी गेनझो कागदाची गुंडाळी घेऊन घरी आला.

“यंदा मोठं लिही. यंदा अटीतटीची आहे,” तो म्हणाला. “वरच्या वाडीतली पोरं त्या चिसेच्या नादी लागलीयत.”

हात्सुएनं शाई घोटायला घेतली. घोटता घोटता म्हणाली, “दादा, एक विचारू? तुम्हाला शुंसुके आवडतो?”

“आवडायला तो काय जावई आहे माझा?”

“नाही, पण सरपंच म्हणून.”

गेनझोनं पाय दुमडून घेतले. “हे बघ. बोट चांगली असते, वाईट असते, आज आहे उद्या नाही. पण धक्का सोडून कुणी जात नाही. हा बांध कुणी आणला? आबांसारखे किती गेले असते आजवर?”

“बांधाला मत द्यायचं असतं तर डोळे मिटून दिलं असतं हो. उभा तर शुंसुके आहे.”

गेनझोनं एकदा दाराकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, “हे माझ्यापाशी बोललीस ते बोललीस. दुसरीकडे बोलू नकोस.”

धमकी होती की काळजी, हे हात्सुएला कळलं नाही. तिनं ‘विजय निश्चित’ लिहून दिलं, सुंदर लिहून दिलं. अक्षराशी तिला बेइमानी करता येईना.

रात्री जेवताना नवऱ्यापाशी मन मोकळं केलं. तात्सुजी मुखदुर्बळ माणूस, भातात चहा ओतून घेत म्हणाला, “कोरा कागद टाक. ना त्याला, ना तिला.”

“कोऱ्यानं शुंसुके पडतो का?”

“पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाई.”

“मासे तुम्ही धरता. मला काय सांगता.”

दुसऱ्या दिवसापासून ती अक्षर लपवायला शिकायला लागली. आधी उजव्याच हातानं वाकडंतिकडं लिहून बघितलं. छे! वाकडं काढलं तरी त्यात तिचाच झोक, तिचाच वळसा. जाड लिहिलं, बारीक लिहिलं, पोरासारखं लिहिलं. चेहऱ्यावर फडकं बांधलं तरी चालीवरून माणूस ओळखू यावा तसं ते. शेवटी डावा हात घेतला. मागच्या पडवीत, जुन्या वर्तमानपत्रांवर, कुंचल्यानं ‘कुवाता चिसे’, ‘कुवाता चिसे’. पहिल्या दिवशी ओंगळ, तिसऱ्या दिवशी वाचण्यासारखं, आणि तिचं अजिबात नव्हे असं. तिला हायसं वाटलं. आयुष्यभर ज्या हातानं नाव कमावलं तोच हात लपवण्यात असा आनंद व्हावा, ह्याची तिची तिलाच लाजही वाटली.

“हात दाखवून अवलक्षण करून घेशील,” तात्सुजी दारातून म्हणाला आणि जाळी खांद्यावर टाकून निघून गेला.

मतदानाच्या आदल्या दिवशी ती अशीच बसली होती आणि पुढच्या दारातून गेनझोचा आवाज आला, “आहे का कोणी?” आमच्याकडे दाराला कड्या नसतात, आवाज देईपर्यंत माणूस आत आलेलं असतं. हात्सुएनं कागद गोळा करून वाळत घातलेल्या माकुलींच्या टोपलीखाली सारले आणि उठली.

“कचेरीत उद्या रात्री शाई लागेल, दारुमाचा डोळा रंगवायला,” गेनझो म्हणाला. कचेरीत तो लाल गोल बाहुला एका डोळ्यानिशी बसलेला असतो, जिंकल्यावर दुसरा डोळा काढायचा. “घोटून आण.” आणि मग थांबला. “डाव्या हाताला शाई कशी?”

हात्सुएनं हात मागे घेतला. “दौत लवंडली.”

“तुझी? दौत?”

“वय झालं, दादा.”

गेनझोनं टोपलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि चपला पायात सरकवून गेला. त्या रात्री हात्सुएच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पडल्या पडल्या तिला होसोईची बायको दिसत होती, फेरीबोटीच्या कठड्याशी पाठमोरी उभी राहिलेली.

मतदान शाळेच्या व्यायामशाळेत. हात्सुए रांगेतून आत गेली, कागद घेतला, आडोशात उभी राहिली. आणि तिथे तिला भान आलं. तिथे कुंचला नव्हता, पेन्सिल होती. इतकी वर्षं मत देत आली, पेन्सिल असते हे तिला काय माहीत नव्हतं? पण सराव करायला बसली ती कुंचला घेऊनच बसली, कारण लिहायचं म्हणजे कुंचल्यानंच हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. कुंचला उभा धरायचा, पेन्सिल तिरपी. त्यात मतपत्रिकेचा तो गुळगुळीत कागद, घडी घातली तरी आपणहून उघडणारा. डाव्या हातात पेन्सिल धरली ती घसरली. पुन्हा धरली. पहिलं अक्षर उमटलं ते समुद्रातून ओढून आणलेल्या शेवाळासारखं. दुसरं त्याच्यावर चढलं. मागे कुणीतरी खोकलं. उजवा हात आपणहून पुढे आला, पेन्सिल घ्यायला, आणि तिनं तो मागे ओढला. उरलेलं नाव कसंबसं संपवलं, कागद दुमडला, पेटीत टाकला, आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करत बाहेर आली.

आमच्याकडे मतदान दुपारीच संपतं आणि दिवेलागणीला मोजणी, त्याच व्यायामशाळेत. दोरीच्या अलीकडे लोक बसतात. मंडळाच्या बायकांना तर हजर राहायलाच लागतं. हात्सुएच्या शेजारी मंडळाच्या अध्यक्षांची, म्हणजे बोटमालक नेगोरोची बायको ओकिमी बसली होती, गळ्यात दुर्बीण अडकवून. हसू नका, दर वेळी आणतात. टेबलावरचे गठ्ठे कुणाचे किती उंच होतायत ते बघायला.

“बरोबरीत चाललंय गं बाई,” ओकिमी कुजबुजत होती. “आजवर असं झालं नव्हतं.”

गठ्ठे बांधले गेले. सगळे गेनझोच्या, मग चिसेच्या साक्षीदाराच्या, मग तिसरे साक्षीदार म्हणून बसलेल्या जुन्या मास्तरांच्या हाताखालून गेले. शेवटी टेबलावर एकच सुटा कागद उरला. मोजणी अधिकाऱ्यानं तो उचलून उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. हात्सुएला दोरीच्या अलीकडून अक्षर दिसत नव्हतं. पण तिला कळलं. तो तिचाच कागद होता.

“दोघांनाही सारखी मतं आहेत, हा एक कागद सोडून,” ओकिमी म्हणाली. “हा बाद झाला तर चिठ्ठ्या टाकणार. चिठ्ठीत आपलं नशीब चांगलं असतं हो. देवळात नवस बोललेय मी.”

अधिकाऱ्यानं साक्षीदारांना बोलावलं. चिसेचा साक्षीदार, वरच्या वाडीतला एक तरुण, कागद बघून लगेच म्हणाला, “हे कुवाताच आहे.” मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला. “मला नाही बाबा लागत. हे अक्षरच नव्हे. बाद.” मग सगळे गेनझोकडे वळले.

“तुझे दादा काय करतायत बघ, माझ्या डोळ्यांना पाणी येतंय,” म्हणत ओकिमीनं दुर्बीण हात्सुएच्या हातात दिली.

हात्सुएनं दुर्बीण डोळ्यांना लावली. गेनझो इतका जवळ आला की त्याच्या भुवईतला पांढरा केस दिसला. तो कागदाकडे बघत होता. अक्षराकडे नव्हे. कागदाच्या वरच्या बाजूला. मग त्यानं आपला अंगठा उचलला आणि अक्षरांच्या वर, कोऱ्या जागेत, अलगद ठेवला. अंगठा तिथे बरोब्बर मावला.

डावा हात कुणाचा हे कळलं नसतं, पण जागा सोडणारा डोळा तिचाच होता. संपलं, तिला वाटलं. आता हा एक शब्द बोलेल, वाचता येत नाही, आणि निकाल चिठ्ठीवर जाईल. आणि रात्री दोन पेले घेतल्यावर दुसरा शब्द बोलेल.

“वाचता येतंय,” गेनझो म्हणाला. आवाज बसलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला. “कुवाता चिसे.”

अधिकाऱ्यानं तिघांतल्या दोघांचं म्हणणं धरलं. चिसे एका मतानं निवडून आली.

पक्षाच्या कचेरीत मंडळी जमली तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शुंसुके केव्हाच मागच्या दारानं गेला होता. दारुमा एका डोळ्यानं सगळ्यांकडे बघत बसलेला. भिंतीवर हात्सुएच्या हातचं ‘विजय निश्चित’. ती स्वतः चहाचं ताट घेऊन उभी, कोपऱ्यात घोटलेली शाई झाकून ठेवलेली.

नेगोरोमालक मांडी घालून बसले होते. “गेनझो,” ते म्हणाले, “मास्तरांना वाचता आलं नाही. तुला कसं आलं?”

“आलं म्हणून वाचलं.”

“पक्षानं तुला तिथे कशाला बसवलं होतं?”

“बघायला बसवलं होतं, मालक. बघितलं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “गेनझोदादांना सगळ्यांची अक्षरं पाठ आहेत. होसोईचं ओळखलंत, हे नाही ओळखलं?”

“हो ना,” नेगोरो म्हणाले. “सांग. कुणाचा हात?”

गेनझोनं वर बघितलं नाही.

“वाकडं होतं. कुणाचंही असेल.”

“होसोईच्या वेळी जीभ बरी सुटली होती तुझी.”

“तेव्हा सुटली,” गेनझो म्हणाला, “त्याची शिक्षा होसोईनं भोगली. त्या दिवसापासून मी तोफू तोंडात घातला नाही, मालक. आज मला काही विचारू नका.”

नेगोरोंचा आवाज चढला नाही. आमच्याकडे चढत नाही. “तुझा बाप ह्याच किनाऱ्यावर बोटी ओढताना गेला. बांध कुणी आणला ते तुझ्या घरात तरी विसरायला नको होतं. मला वाटतं तो हात तुझ्याच घरातला. कदाचित तुझाच.”

गेनझोचा चेहरा उतरला. हात्सुएला वाटलं आता तो सांगेल. बापाचं नाव काढल्यावर कोण गप्प बसेल? पण तो मान खाली घालून बसला, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की तो हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. ते वाकडं मत स्वतःच्या अंगावर घेऊन तो इथून उठून जाणार.

“बरं,” नेगोरो म्हणाले. “मंडळाचा शिक्का इथे ठेव. उद्यापासून यायची गरज नाही.”

गेनझोनं खिशातून शिक्का काढला.

हात्सुएनं ताट खाली ठेवलं. आवाज आला तो स्वच्छ आला. “ते मत माझं आहे.”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ओकिमीच्या हातातला पेला तसाच राहिला.

“हात्सुए, गप्प बस,” गेनझो म्हणाला.

“नाही दादा. माझं अक्षर लपवायला मी डाव्या हातानं लिहिलं. म्हणून वाकडं आलं, म्हणून ह्यांना इतका त्रास झाला. चूक झाली.” ती वाकली, आमच्याकडे माफी मागताना वाकतात तशी, कपाळ चटईला टेकेपर्यंत. मग ताठ बसली. “पुढच्या वेळी उजव्या हातानं लिहीन. तुम्हाला विचारायची वेळ येणार नाही.”

नेगोरो उठले, भिंतीजवळ गेले, ‘विजय निश्चित’ खाली ओढलं आणि नीट गुंडाळून तिच्यासमोर ठेवलं. फाडलं नाही. वाईट माणूस नाहीत ते.

घरी जाताना दोघं धक्क्यावरून चालत होते. वारा पडला होता. गेनझो म्हणाला, “इतकी वर्षं तुझं अक्षर मी भिंतीला लावतोय. माझीच भीती वाटली तुला?”

हात्सुएला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, “हो.”

“बरोबर आहे,” गेनझो म्हणाला. थोडं चालून पुन्हा म्हणाला, “मत चुकीचं दिलंस. धक्का सोडायचा नसतो.”

“माहीत आहे तुमचं म्हणणं.”

“पण वाचता येत होतं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात्सुएनं दार उघडलं तर उंबऱ्याशी मासळीच्या दुकानाची पाटी ठेवलेली. दुपारपर्यंत न्हाव्याची आली, मग दारूच्या दुकानाची, मग देवळाचे कंदील. कुणी आत आलं नाही, कुणी भांडलं नाही. पाट्या स्वच्छ पुसून, कागदात गुंडाळून, ओळीनं लावून ठेवल्या होत्या. चिसे सांत्वनाला आली, तिला हात्सुएनं दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, मी तुझ्यासाठी नाही लिहिलं, आता टाकीकडे बघ. तात्सुजीनं पाट्या एकेक करून पडवीत नेल्या आणि त्या दिवशी तो समुद्रावर गेला नाही.

आठवड्याभरात सगळ्या बेटावरून हात्सुएचं अक्षर उतरलं. राहिलं ते एकाच ठिकाणी. होसोईच्या बंद दुकानावर ‘ताजा तोफू’ ही तिच्या हातची पाटी तशीच होती, परत करायला तिथे कुणी नव्हतं म्हणून. बारा वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं खिळा गंजून ती एका बाजूला कलली होती.

गेनझोला आता दिवसभर काही काम नसतं. एक दिवस तो हातोडी घेऊन तिथे गेला. गंजका खिळा उपटला, पाटी सरळ केली, आणि वर सोडलेल्या अंगठाभर जागेत नवा खिळा मारला. रस्त्यावरून जाणारे येणारे बघत होते. मग त्यानं हातोडी कमरेला खोचली आणि हात्सुएच्या घरी चहाला गेला.